दमयंतीची आई काय करत होती?

ताई, नमस्कार.

मी प्रतापनगरात राहते. शाळेत गणित शिकवायची, 2013 मध्ये निवृत्त झाले. एकुलती एक मुलगी एम. फार्म. झाली आणि लग्न होऊन 2012 च्या डिसेंबरात अमेरिकेला गेली. सध्या टेक्सासमध्ये असते. नवऱ्याच्या व्हिसावर गेल्यामुळे सुरुवातीची वर्षं तिला नोकरी करता आली नाही. तेव्हा फार कोमेजली होती. पुढे तिनं तिथं एक कोर्स केला (पैसे मी माझी एफडी मोडून पाठवले, यांना अजून माहीत नाही, तिलाही बाबांनीच दिले असं सांगितलं), मग परवानगी मिळाली, आता नोकरी चांगली आहे.

दोन वर्षांपासून ती लिहिते. दमयंतीवर एकपात्री, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. तिकडे दोन-तीन ठिकाणी केलं, लोकांना आवडलं म्हणे. डिसेंबरात येतेय, आणि धरमपेठेत एका छोट्या सभागृहात करणार आहे. मला आधी वाचायला पाठवलं. त्यातली चार पानं सोबत जोडते.

ताई, वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यात दमयंतीची आई आहे. अख्ख्या नाटकात ती एकच वाक्य बोलते, "आता तेच तुझं घर." हे वाक्य मी तिला सोनेगावच्या विमानतळावर म्हटलं होतं. बाप मात्र चारी दिशांना माणसं धाडतो, शोधून आणणाऱ्याला हजार गाई देतो म्हणतो. आई पदरानं डोळे पुसते, बस.

माझे दीर दरवर्षी रामनवमीच्या शोभायात्रेत सरबत वाटतात. ते म्हणाले, "अमेरिकेत बसून आपल्या पुराणांची टवाळी करायची आणि इथं येऊन टाळ्या घ्यायच्या." शाळेतल्या जुन्या मैत्रिणीला पानं दाखवली. ती बौद्ध आहे. तिनं वेगळंच विचारलं, "यात केशिनी कुठंय?" मला सांगता आलं नाही.

तिला हे करूच नको म्हणू का? निदान ते वाक्य काढ म्हणू का? माझी मुलगी तिथली झाली का हो? आणि सांबारवडी करून ठेवू, की आता तिला तिखट सोसत नसेल?

एक आई, नागपूर

*

ताई,

चारही पानं वाचली, दोनदा. तुम्ही दुसऱ्या पानावर अडकलात, तिथं ते वाक्य आहे म्हणून. मी तिसऱ्यावर अडकले. तिथून सुरू करते.

तिसऱ्या पानावर दमयंती चेदीच्या राजवाड्यात आहे. नवरा रानात सोडून गेलेला, अंगावर अर्धं वस्त्र, आणि आता ही परक्या राज्यात राजमातेकडे सैरंध्री म्हणून राहिलेली. तिला वरण फोडणीला टाकायचंय. ती म्हणते, "जरा सांबार द्या." स्वयंपाकीण तिच्यापुढे तुरीच्या डाळीचं, चिंच घातलेलं भांडं आणून ठेवते. दमयंती पुन्हा म्हणते, "सांबार, सांबार, हिरवा." कुणालाच कळत नाही. बायका हसतात. आणि आतून राजमातेचा आवाज येतो, "अगं, तिला कोथिंबीर हवीय. माझ्या बहिणीच्या घरी असंच म्हणतात."

व्यासांनी ही ओळख वेगळी पटवलीय. दमयंतीच्या दोन भुवयांमध्ये जन्माचा तीळ होता, धुळीनं झाकला गेलेला. विदर्भाहून शोधायला आलेला सुदेव नावाचा ब्राह्मण तो ओळखतो, राजकन्या सुनंदा तो मळ पुसून काढते, आणि राजमाता रडत म्हणते, तू तर माझ्या बहिणीची मुलगी. तुमच्या लेकीनं तिळाच्या जागी सांबार ठेवला. (खोट काढायचीच तर ही मावशी आणि दमयंतीची आई दोघी दशार्ण देशाच्या, म्हणजे मावशीला सांबार कळायचं कारण नाही. पण बहिणीकडे उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आली असेल, असं धरून चालू.)

पुण्या-मुंबईचे मराठी लोक तिकडे हे पाहून हसले असतील. इडलीबरोबरचं सांबार आलं ना डोळ्यांपुढे. धरमपेठेत कुणी हसणार नाही. इथं ते पान ऐकताना सभागृह गप्प होईल, लिहून ठेवा. तेरा-चौदा वर्षं दुकानात 'सिलँट्रो' वाचत भाजी घेणाऱ्या पोरीला दमयंतीच्या तोंडी कुठला शब्द आठवला? अशी पोरगी 'तिथली' झाली का, हे तुम्ही मला विचारताय!

आता तिनं दमयंतीच का घेतली, ते बघू. सीता होती, द्रौपदी होती. परदेशात राहून लिहिणाऱ्या आपल्याकडच्या बायकांनी या दोघींना तर पुरतं वाटून घेतलंय. कोलकात्याच्या चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी 1976 मध्ये शिकायला अमेरिकेत गेल्या आणि 2008 मध्ये त्यांनी अख्खं महाभारत द्रौपदीच्या तोंडून सांगितलं, पुढे सीतेच्याही. अमेरिकेत वाढलेल्या वैष्णवी पटेल यांनी 2022 मध्ये कैकेयीला बोलतं केलं. या लिखाणामागे मला दोन वेगळ्या भुका दिसतात. तिथंच वाढलेल्या मुलींकडे ही पुराणं आली ती अमर चित्र कथेच्या पुस्तकांतून आणि रामानंद सागरांच्या व्हिडिओ कॅसेटमधून. वर्गात कुणी विचारलं, तू कुठली, तुझी गोष्ट कुठली, तर हाताशी तेवढंच. मग त्याच गोष्टीशी भांडत भांडत आपण कोण ते ठरवायचं. तुमच्या मुलीचं तसं नाही. ती इथून भरल्या डोक्यानं गेली. तिला आपण कोण ते पक्कं माहीत होतं, आणि तिथं उतरल्यावर ते कागदावर कुठंच नव्हतं.

एच-4 व्हिसा म्हणजे काय, हे नागपुरात अर्ध्या घरांना माहीत आहे, तरी बोलत कुणी नाही. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको त्याची 'डिपेंडंट'. शिकायला मुभा, कमवायला नाही. सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही. 2015 च्या मे महिन्यापासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याचं ग्रीनकार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तरच. एम. फार्म. झालेली मुलगी दुपारी बारा वाजता अपार्टमेंटच्या खिडकीत बसलीय, खाली पार्किंग, रस्त्यावर चालणारं माणूस नाही. तिला दमयंती आठवणार नाही तर कोण? नळ रानात बायकोला रस्ते दाखवतो, हा विदर्भाकडे जातो, हा कोसलाकडे. ती घाबरते, म्हणते, मला वाट का दाखवतोस, दोघं मिळून विदर्भाला जाऊ. तो म्हणतो, ऐश्वर्यात गेलो होतो तिथं, आता हात हलवत कसा जाऊ? नळाचं हे दुखणं परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात आहे. नोकरी गेली तरी नागपूरला फोनवर सांगायचं नाही.

(पानात नळ तिला हे रस्ते फोनवरच्या नकाशात दाखवतो. ते मला नाही आवडलं. तिथं लेखिका प्रेक्षकाकडे बघून डोळा मारते. रस्ते हातानंच दाखवू दे.)

अजून एक कुरकुर. पहिल्या पानावर तिची दमयंती व्याधाला सुनावते, तो कोसळतो, ही पुढे चालू लागते. मूळ गोष्टीतही ती त्याला शाप देते आणि तो मरून पडतो, बरोबर. पण व्यासांची दमयंती त्यानंतर वाघाला विचारते, डोंगराला विचारते, अशोकाच्या झाडापुढे उभी राहून म्हणते, तुझं नाव अशोक, मग माझा शोक घालव. तुमच्या लेकीनं हे रडणं गाळलंय. हल्लीच्या पुष्कळ पुनर्कथनांत हे होतं. बाईला बळकट दाखवायचं म्हणून तिचं तोंड कोरडं करून टाकतात, आणि मग ती राणी एखाद्या व्यवस्थापनाच्या शिबिरात बोलावलेल्या पाहुणीसारखी बोलायला लागते. व्यासांची बाई याहून अवघड आहे. एकाच दुपारी ती माणूस मारते आणि झाडाशी बोलते. लेकीला विचारा, अशोक का काढलास? आई म्हणून विचारू नका, गणिताच्या बाई म्हणून विचारा, मधली पायरी कुठं गेली म्हणून.

आता तुमचे दीर. त्यांच्याशी वाद घालू नका, पण पाहुण्यांपुढे विषय काढलाच तर हाताशी असू द्या. पहिली गोष्ट, पुराण आपल्या तोंडानं सांगणं अमेरिकेत सुरू झालेलं नाही. तेराव्या शतकात आपल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात महदंबेनं रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले, आणि मराठीची पहिली कवयित्री म्हणून आपण तिचंच नाव घेतो. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली आणि पुराणातल्या देवांना, राजांना नावानिशी पुढे बोलावून जाब विचारला. व्हिसा नाही, तिकीट नाही, बुलढाण्यात बसून. दिरांना म्हणावं, टवाळीचा खटला भरायचाच तर आधी त्यांच्यावर भरा.

आणि जात्यावरच्या बायका? माझी आजी यवतमाळकडची. पहाटे दळताना सीतेच्या ओव्या म्हणायची, आणि त्या ओव्यांतला रावण मला आठवतच नाही, इतका तो लांब असायचा. त्रास द्यायला जवळची माणसं पुरेशी होती. कैकेयी चक्क सासू होती, सीतेला सासुरवास करणारी. आणि सीतेनं आपला सासुरवास देशोदेशीच्या बायकांना वाटून दिला, असं त्यात येतं. आजीला कुणी स्त्रीवादी म्हटलं असतं तर तिनं सूप फेकून मारलं असतं. पण वाल्मीकींनी लिहिलेली सीता तिनं गावातल्या वाड्यात आणून बसवली होती, हे खरंच आहे. ती सासरी गेलेल्या बायकांची गोष्ट होती. गाव सोडून, नाव बदलून परक्या घरात गेलेल्या. परदेश तो आणखी कुठला असतो?

म्हणून तुमचा तो प्रश्न, मुलगी तिथली झाली का, मला जरा टोचला. विदर्भातल्या लेकी बघा. लोपामुद्रा अगस्त्याकडे, दमयंती निषधाला, रुक्मिणी द्वारकेला. सगळ्या बाहेर गेल्या आणि तरी वैदर्भीच राहिल्या, दमयंतीला तर व्यास पदोपदी तेच नाव घेऊन हाक मारतात. आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. माहेरची म्हणून जाते.

उलटा दाखलाही जवळच आहे. रामटेकच्या वाटेवर नगरधन लागतं, ते वाकाटकांचं नंदिवर्धन. तिथं चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी सून म्हणून आली, प्रभावतीगुप्ता. नवरा लवकर गेला, मुलं लहान, राज्य तिनं चालवलं. तिच्या ताम्रपटात सासरच्या वाकाटकांची वंशावळ सांगायची सोडून तिनं माहेरच्या गुप्तांची कोरून घेतली, आणि गोत्र लावलं ते बापाचं, धारण. सोळाशे वर्षांपूर्वी, सासरी गादीवर बसून! तुमची लेक टेक्सासमध्ये बसून सांबार लिहिते, तिची जात हीच.

इरावती कर्व्यांचंही सांगते, कारण तुमच्या लेकीनं त्यांना वाचलेलं दिसतं. 1905 मध्ये बाई ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या इरावती नदीवरून नाव. वाढल्या पुण्यात, डॉक्टरेट बर्लिनची. 1967 मध्ये 'युगान्त' आलं, दुसऱ्या वर्षी साहित्य अकादमी मिळाला. त्यात मरायला टेकलेल्या द्रौपदीजवळ त्यांनी भीमाला बसवलं, व्यासांनी न लिहिलेला प्रसंग. तेव्हाही लोकांच्या भुवया चढल्याच असतील. आज तेच पुस्तक आपण लग्नात आहेर म्हणून देतो.

तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न मात्र असा बाजूला सारता येत नाही. सगळ्या पत्रात मला तोच सगळ्यात टोकदार वाटला.

केशिनी ही दमयंतीची दासी. नळ बाहुक होऊन, कुरूप सारथी होऊन विदर्भात येतो तेव्हा त्याच्यावर नजर ठेवायला दमयंती तिलाच पाठवते. ती बोलणं काढते, त्याच्या सैपाकातलं मांस गुपचूप आणून दमयंतीला चाखायला देते, आणि त्या चवीवरून दमयंतीला कळतं की हा नळच. मुलांना त्याच्यापुढे केशिनीच नेते. म्हणजे अख्खा शोध त्या मुलीच्या पायांवर उभा आहे. नळ-दमयंती एकत्र येतात, केशिनी पुन्हा कुठं दिसत नाही. तुमच्या लेकीच्या नाटकात तर ती आलीच नाही. ते काम दमयंती स्वतःच करते, कारण एकपात्रीत माणसं कमी करावी लागतात. पण कुणाला कमी करायचं हे ठरतं कसं?

राजमातेकडे राहताना दमयंती अटी घालते. उष्टं खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही. स्त्रीवादी पुनर्कथनांत ही जागा फार आवडती, बघा, संकटातही मान राखला. आणि ते पाय मग कोण धुवत होतं? उष्टं कोण खात होतं? तुमची मैत्रीण तिथं उभी राहून बघतेय. ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 ला लाखोंनी दीक्षा घेतली आणि राम-कृष्णांना देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा केली, तिथं ही गोष्ट सगळ्या घरांत एकाच चवीची असणार नाही. काही काळ दासी झालेल्या राणीसाठी आपण रडतो. जन्मभर दासी असलेली गोष्टीच्या कडेनं पाणी घेऊन जाते. महाभारतात लाक्षागृहात एक निषाद बाई पाच मुलांसकट जळाली, पांडव मेले असं वाटावं म्हणून त्यांची प्रेतं कामी आली. महाश्वेता देवींनी कुंतीसमोर निषादीला उभं करून तो हिशेब मागितला. दूर देशी लिहिणाऱ्यांना हे सुचणं आणखी कठीण, कारण तिथं आपण सगळेच गोऱ्यांच्या पुढे दासी, तेव्हा प्रत्येकीला वाटतं, मीच ती. प्रतापनगरातून गेलेली एम. फार्म. मुलगी तिथं सैरंध्री असेलही. केशिनी नाही.

लेकीला हे तुम्ही सांगू नका. मैत्रिणीलाच सांगू द्या. पहिल्या रांगेत बसवा तिला, आणि खेळानंतर दोघींना एका टेबलाशी चहा द्या. तुम्ही मध्ये पडू नका, बाप्पा. लेकीच्या नाटकाला टाळ्या मिळतीलच, असा प्रश्न एखादाच मिळतो.

आणि आता तुमचं वाक्य.

"आता तेच तुझं घर." काढ म्हणू नका. तुम्ही ते म्हटलं होतं. खरं होतं ते, निदान त्या दिवशी तुम्हाला खरं वाटत होतं, कारण तुमच्या आईनं तुम्हाला म्हटलं असेल. विमानतळावर काचेच्या दाराशी हातात बोर्डिंग पास घेतलेल्या मुलीला काय सांगायचं, हे कुठल्या पुस्तकात नसतं. ते वाक्य तिला अकरा हजार किलोमीटरहून जास्त लांब घेऊन गेलं, आणि ती ते उराशी धरून बसली. नाटकात आलं म्हणजे तिनं तुम्हाला फासावर दिलं असं समजू नका. पण ती आई अपुरी आहे, हे तुमचं म्हणणं मला पटतं. नाटक म्हणूनही पटतं. बाप एवढा धावतो आणि आई फक्त डोळे पुसते, हे मूळ गोष्टीत नाहीच.

मूळ गोष्टीत काय आहे, सांगते. भीमराजा माणसं धाडतो, गाई कबूल करतो, खरं आहे. पण त्याला हलवतं कोण? दमयंती माहेरी येऊन आईला म्हणते, मी जगावं असं वाटत असेल तर नळाला आण. आई रडत राजाकडे जाते, लेकीचं म्हणणं त्याच्या कानावर घालते, तेव्हा ते ब्राह्मण दमयंतीनं सांगितलेलं कोडं घेऊन निघतात. पुढे पर्णाद नावाचा ब्राह्मण अयोध्येहून निरोप आणतो, तिथल्या एका सारथ्यानं तुझ्या कोड्याला उत्तर दिलं. दमयंतीला कळतं, हाच तो. आता त्याला एका दिवसात विदर्भाला ओढून आणायचं तर एकच उपाय, उद्या सूर्योदयाला दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे अशी खोटी बातमी अयोध्येला पोचवायची. केवढं धाडस! हे ती कुणाजवळ बोलते? आईजवळ, एकांतात. आणि म्हणते, आई, हे बाबांना मुळीच कळता कामा नये. मग आईच्या समोर बसून ती सुदेवाला अयोध्येला धाडते.

म्हणजे नळ-दमयंतीच्या अख्ख्या कथेतली सगळ्यात मोठी चाल दोन बायकांनी मिळून खेळली, आणि राजाला पत्ता नव्हता. व्यासांनी त्या आईला धड नावही दिलं नाही. पण कटात ती होती.

ताई, तुम्ही पत्रात कंसामध्ये काय लिहिलंय ते एकदा काढून वाचा. एफडी मोडली, यांना माहीत नाही, तिलाही बाबांनी दिले म्हणून सांगितलं. चार पानं तुम्ही त्या आईसाठी रडलात, आणि तिची खरी गोष्ट कंसात टाकून पुढे गेलात. तुमच्या लेकीनं नाटकात बापाला हजार गाई का दिल्या? कारण तिच्या हिशेबात त्या गाई बापानंच दिल्यात. तिनं अन्याय केला नाही, तुम्ही दिलेल्या आकड्यांवर बेरीज केली. गणिताच्या बाईंना मी काय सांगू!

दमयंतीच्या आईनं राजापासून लपवलं. तुम्ही दमयंतीपासूनही लपवलंत. का, ते मला कळतं. बापाचं नाव मोठं राहावं, नवराबायकोत तो विषय नको, आणि शिवाय घरात पैसा बाईनं दिला तरी तो पुरुषाच्या नावानं जायचा, ही आपली सवयच. पण ती आता चाळिशीची आहे. तिला सांगा.

कसं सांगायचं, तेही बोलू. नाटक झाल्यावर नको, तेव्हा माणसं भेटायला येतात. फोनवर तर नकोच, तिकडे रात्र असते आणि मग ती एकटीच जागत बसेल. आणि तू ते वाक्य बदल, अशी पुस्ती जोडून मुळीच नको. ती बदलेल किंवा नाही बदलणार, नाटक तिचं आहे. व्यासांच्या त्या जागेवर खूण करून ठेवा, वनपर्वात नलोपाख्यानाच्या उत्तरार्धात आहे, मराठी भाषांतर कुठल्याही जुन्या ग्रंथालयात मिळेल. खूण दाखवा आणि एफडीचं सांगा, एवढंच. दोन्हीमधला धागा तिला दिसतो का ते तिच्यावर सोडा. सांबार दिसलेली पोरगी आहे ती.

नवऱ्याला सांगायचं का? त्यात मी पडत नाही. महाभारतातल्या त्या आईनं नळ-दमयंती एकत्र आल्यावर भीमराजाला घडलं ते सांगितलं, आणि त्याचा संसार बिघडला नाही.

राहिली सांबारवडी. करा. तिखट सोसत नसेल तर हिरवी मिरची निम्मी घाला, पण सारण तेच ठेवा, कढीही तीच. डिसेंबरात सांबार स्वस्त आणि कोवळा असतो, चांगल्या दोन-तीन जुड्या आणा आणि लेकीला निवडायला बसवा. हात गुंतले की माणूस एकमेकांकडे बघत नाही, बोलणं सोपं जातं. घरात अजून कुणी असेल तर म्हणावं, खसखस संपलीय, आणि ती इतवारीतच चांगली मिळते. अधिवेशन चालू असेल, रस्ते बंद असतील, दोन तास तरी परत येत नाहीत.